घडीत गेलेला प्रॉम्प्टर

सरकारी कचेरीत वीस वर्षं काढलेल्या माणसाला फाईल म्हणजे काय हे कुणी शिकवू नये, असं मला बरीच वर्षं वाटत होतं. आमच्याकडे फाईल अशी तशी हलत नाही. डाव्या बाजूला टिपणं, उजव्या बाजूला पत्रव्यवहार, प्रत्येक पानाला नंबर आणि सही झाल्याशिवाय पुढच्या टेबलावर जायचं नाही. लोक यावरून आम्हा कारकुनांना हसतात. हसोत बापडे. पण हाच मी २०१८ साली गावच्या नाट्यमंडळाच्या स्मरणिकेची फाईल पेन ड्राईव्हवर टाकून छापखान्यात देऊन आलो, तेव्हा तिचं नाव होतं 'फायनल नवी ३'. पानांना धड नंबर नव्हते आणि सही तर कुणाचीच नव्हती. त्या फाईलीचं पुढे जे झालं ते मला अजून टोचतं, म्हणून आज लिहायला बसलो आहे.

आमचा गाव फोंडा महालातला. जत्रेच्या रात्री देवळापुढे मराठी नाटक व्हायलाच हवं, नाहीतर जत्रा झाल्यासारखी वाटत नाही. घरात कोंकणी बोलणारी माणसं त्या रात्री रंगमंचावर शुद्ध मराठी संवाद म्हणतात आणि समोर बसलेल्या आयाबायांना ते तोंडपाठ असतात. गोव्यातल्या किती गावांत हे चालत आलं आहे ते तुम्हाला मी काय सांगणार! मंडळाला पंचाहत्तर वर्षं झाली म्हणून स्मरणिका काढायचं ठरलं. मी मराठी घेऊन बी. ए. झालेलो, म्हणून संपादक मी. "तुला कॉम्प्युटर येतो मरे," असं म्हणून मांडणीही माझ्याच गळ्यात पडली. मला येत होतं ते वर्ड आणि एक्सेल. तेही पत्रं आणि पगाराचे तक्ते करण्यापुरतं.

शहाण्णव पानांची स्मरणिका. पाचशे प्रती. जत्रेच्या आदल्या संध्याकाळी गठ्ठे आले. पहिली प्रत उघडली तेव्हा मुखपृष्ठ पाहून मन जरा खट्टू झालं. शेतं हिरवीगार आणि वर निळंशार आभाळ असा फोटो होता. छापून आलं ते शेवाळी हिरवं आणि राखट निळं. पुढे श्रद्धांजलीचं पान. गडद काळ्या चौकटीत पांढऱ्या बारीक अक्षरांत दिवंगत कलाकारांची नावं. त्यातल्या कितीतरी नावांवरचे अनुस्वार बुजून गेले होते. पांडुरंगाचा पाडुरग झाला होता. आणि मग मधलं जोडपान...

त्या जोडपानावर मंडळाचा सगळ्यात जुना समूहफोटो होता, दोन पानांवर पसरलेला. मागे उभे नट, पुढे खुर्च्यांवर बसलेली जाणती माणसं आणि बरोबर मधोमध आमचे प्रॉम्प्टर काका. चाळीस वर्षं हा माणूस विंगेत, हातात वही आणि कंदील, पुढे टॉर्च घेऊन बसला. प्रेक्षकांनी त्यांचा आवाज कधी ऐकला नाही आणि तोंड कधी पाहिलं नाही. ऐकू आलं असतं तर प्रॉम्प्टर वाईट ठरला असता! त्यांचा मंडळासोबतचा तेवढा एकच फोटो. ते तोवर वारले होते. आणि चिकट बांधणीच्या त्या घडीत नेमका त्यांचा चेहरा गेला. नाक, डोळे, तोंड सगळं आत. घडीच्या अल्याड एक कान आणि पल्याड दुसरा.

काकींना प्रत द्यायला मीच गेलो. त्यांनी दोन्ही अंगठ्यांनी ते पान दाबून दाबून उघडायचा प्रयत्न केला. पुस्तकाचा कणा कडकडला, चेहरा काही वर आला नाही. मग पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं आणि म्हणाल्या, "तांकां परतून विंगेंतच बसयले मरे तुमी!" हसून म्हणाल्या. त्या हसण्याने मला जे झालं ते सांगता येत नाही.

मंडळाची बैठक बसली तेव्हा सगळ्यांचा सूर एकच, छापखान्याने वाट लावली. बिलातले पैसे कापा असंही कुणी म्हणालं. मीही मान डोलावली. पण घरी येऊन ती फाईल पुन्हा उघडली, आणि ज्याला फाईलींतच पगार मिळतो त्याला जे आधी कळायला हवं होतं ते तेव्हा कळलं. यंत्राने आमच्या फाईलीत होतं तेच छापलं होतं. चुका आमच्या होत्या. म्हणजे माझ्या.

माझं मत मी आज स्पष्टच मांडतो. छापायला दिलेल्या फाईलीची जबाबदारी देणाऱ्याची. निदान आपल्या गावोगावच्या स्मरणिका, मंडळांची पुस्तकं, हौसेने काढलेले कवितासंग्रह यांच्या बाबतीत तरी. हे काही जणांना रुचणार नाही, तेव्हा एकेक मुद्दा घेऊन सांगतो.

आधी रंग. आपण पडद्यावर जे बघतो ते प्रकाशाने तयार झालेलं असतं, लाल, हिरवा आणि निळा प्रकाश मिसळून. त्याला आरजीबी म्हणतात. कागदावर प्रकाश नसतो, शाई असते: निळसर सायन, गुलाबी मजेंटा, पिवळी आणि काळी. ती सीएमवायके. प्रकाशाने दाखवता येणारा लखलखीत हिरवा आणि झळझळीत निळा या चार शायांच्या आवाक्यातच नसतो. मी आरजीबी फोटो तसाच दिला. छापखान्यात तो शाईत उतरवला गेला आणि जवळात जवळचा जो रंग निघाला तो लागला. फाईल सीएमवायकेत मीच बदलून पाहिली असती तर तो राखट निळा मला माझ्याच टेबलावर दिसला असता आणि मी दुसरा फोटो निवडला असता.

अनुस्वाराची गोष्ट जास्त लागणारी आहे. मी वर्डमधून काळी चौकट काढून दिली. तो काळाही आरजीबीतला. शाईत बदलताना तो एका काळ्या शाईत न बसता चारही शायांत वाटला गेला. चार शाया म्हणजे चार प्लेटा, आणि कागद त्या चारींखालून जातो. एखादी प्लेट केसभर जरी सरकली तरी त्या काळ्या चौकटीतलं पांढरं अक्षर त्या बाजूने बुजतं. इंग्रजी अक्षर त्यातल्या त्यात तग धरतं. आपल्या देवनागरीत डोक्यावर ठिपका, मात्रा, रफार, खाली उकार. आठ पॉइंटच्या टायपात अनुस्वाराचा ठिपका तो केवढा! तो पहिला बुडतो. चौकट निव्वळ काळ्या शाईची ठेवली असती, किंवा अक्षरं दहा-बारा पॉइंटची ठळक घेतली असती, किंवा साध्या पांढऱ्या कागदावर काळी अक्षरं ठेवली असती, तर पांडुरंग पांडुरंगच राहिला असता. गोव्यात मराठीचं काय होणार म्हणून आपण तावातावाने भांडतो, सभा घेतो, पत्रं लिहितो. तिचा अनुस्वार मात्र आपल्याच फाईलीत बुडतो, आणि तोही आपल्याच मेलेल्या माणसांच्या नावावरचा. मला तरी याची लाज वाटली.

आता त्या फोटोकडे येतो. तो एका घरातल्या भिंतीवर काचेच्या फ्रेममध्ये होता. कुणीतरी मोबाईलने काचेवरूनच टिपला आणि व्हॉट्सॲपवर पाठवला. व्हॉट्सॲपवर साध्या पद्धतीने फोटो पाठवला की तो आकसून येतो. माझ्याकडे आला तो साधारण सोळाशे पिक्सेल रुंदीचा. मोबाईलवर झकास दिसला. आता साधा शाळेतला भागाकार करा. ए-फोरची दोन पानं शेजारी ठेवली की रुंदी होते साडेसोळा इंच. १६०० ला १६.५ ने भागा. उत्तर येतं ९७. ऑफसेटच्या चांगल्या छपाईला एका इंचात ३०० ठिपके असावेत अशी रीत आहे. म्हणजे गरजेच्या एक तृतीयांश माल घेऊन मी जोडपान भरायला निघालो होतो. डीपीआयचा आकडा सॉफ्टवेअरमध्ये वाढवून काही होत नाही. जो ठिपका मुळात नाही तो यंत्र अंदाजाने भरतं, आणि काकांचे डोळे अंदाजाने भरून चालत नाहीत. फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला असता तर निदान टिपला होता तेवढा तरी आला असता. खरं तर फ्रेम उघडून मूळ फोटो स्कॅन करायला हवा होता. एका संध्याकाळचं काम होतं.

आणि ती घडी. चिकट बांधणीत प्रत्येक पानाचा पाच-सहा मिलिमीटर भाग कण्याकडे दबतो. दोन्हीकडचा मिळून सेंटीमीटरभर जातो. त्या फोटोतला एकेक चेहरा अडीच सेंटीमीटरच्या आसपास होता. मधल्या माणसाचं काय होणार ते सांगायला तज्ज्ञ कशाला हवा? पडद्यावर मात्र दोन पानं शेजारी शेजारी सपाट दिसतात. पडद्याला घडी नसते. ए-फोरचे चार कागद दुमडून, टोचून एक डमी केली असती तर पहिल्याच मिनिटाला दिसलं असतं.

छापखान्याचं आणखी एक सांगायला हवं, नाहीतर अन्याय होईल. तिथला डीटीपी करणारा पोरगा हुशार होता. आमच्या मुखपृष्ठावरचा 'स्मरणिका' हा शब्द त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये फुटला होता. 'स'चा पाय मोडलेला आणि 'णि'ची वेलांटी 'का'च्या डोक्यावर. युनिकोडमध्ये टाईप केलेली देवनागरी नीट जुळवायची सोय ज्या सॉफ्टवेअरात नसते, किंवा असून चालू केलेली नसते, तिथे हे असंच होतं. इनडिझाईनमध्ये भारतीय लिप्यांची सोय २०१२ सालच्या सीएस-सिक्सपासून आहे, पण ती निवडावी लागते. त्या पोराने ते पाहिलं, मला फोन केला आणि दुरुस्त केलं. त्याच फोनवर त्याने विचारलं होतं, "ब्लीड ठेवलंय ना?" मी म्हटलं, "हो हो." ब्लीड म्हणजे काय हे मला ठाऊक नव्हतं! विचारायची लाज वाटली. कापताना कडेला पांढरी रेघ दिसू नये म्हणून चित्र चारही बाजूंनी तीन मिलिमीटर जास्त घ्यायचं, म्हणजे २१० बाय २९७ चं पान २१६ बाय ३०३ चं करायचं, एवढीच ती गोष्ट. त्याने मला विचारलं होतं. खोटं मी बोललो.

आता यावर लोक काय म्हणतात ते मी ऐकलं आहे. पहिलं म्हणणं असं, की पैसे मोजतो तर हे सगळं छापखान्याने बघावं. काही अंशी बरोबर. फोटो कमी ठिपक्यांचा आहे, ब्लीड नाही, हे त्यांनी सांगावंच, आणि चांगले छापखाने सांगतात. पण तो मधला माणूस कोण हे त्यांना कुठून कळणार? त्यांच्या दृष्टीने तो चौदा डोक्यांतला एक. पांडुरंग आहे की पाडुरग हे ऑपरेटरला मराठी येत नसेल तर समजणारही नाही. ज्याला नाव ठाऊक त्यानेच नावावर पहारा ठेवला पाहिजे.

दुसरं म्हणणं नव्या पोरांचं. हल्ली छापतं कोण? पीडीएफ करा आणि ग्रुपवर टाका. बरं, टाकली. मोबाईल बदलला, ग्रुप सोडला की गेली. पन्नास वर्षांपूर्वीचा नाटकाचा हस्तपत्रक-कागद अजून आमच्या गावात एकाच्या ट्रंकेत आहे, वाळवीने कडा खाल्ल्या तरी वाचता येतो. आपल्या गावच्या मराठीचा इतिहास कुणी विद्यापीठात बसून लिहिणार नाही. तो असल्याच पाचशे प्रतींत आहे. दुसरी आवृत्ती निघत नाही. जे चुकलं ते चुकलेलंच राहतं, आणि उद्या कुणी शोधायला आलं तर त्याला पाडुरगच सापडणार.

आणि हे गोव्यात घडावं? भारतातला पहिला छापखाना १५५६ साली इथेच उतरला. फादर थॉमस स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण १६१६ साली रायतूरला छापलं गेलं. मराठीतलं इतकं मोठं काव्य, पण छापलं रोमन लिपीत, कारण देवनागरीचे खिळे तेव्हा इथे नव्हते. अक्षरांची संख्या आणि जोडाक्षरं पाहता ते पाडणं सोपंही नव्हतं. आपल्याच प्रियोळच्या अ. का. प्रियोळकरांनी भारतातल्या मुद्रणाचा हा इतिहास १९५८ साली इंग्रजी ग्रंथात मांडून ठेवला आहे. म्हणजे चारशे वर्षांपूर्वी मराठी होती, छापखाना होता, फक्त अक्षर नव्हतं. आज १९९१ पासून देवनागरी युनिकोडमध्ये आहे, चांगले फॉन्ट फुकट मिळतात, अक्षराला काही कमी नाही. कमी पडतो तो आपला अर्धा तास. तेव्हा साधन नव्हतं म्हणून अडलं, आता साधन असून आपण अडवतो.

तर माझ्या कारकुनी डोक्याला सुचलेल्या चार गोष्टी सांगतो. स्मरणिका समितीत अध्यक्ष, कार्याध्यक्ष, खजिनदार असे दहा जण असतात. अकरावा माणूस निव्वळ फाईलीसाठी नेमा. छापखान्यात जाऊन तो आधीच विचारून येईल: आकार काय, बांधणी कोणती, ब्लीड किती, फाईल कशी हवी. "मला येत नाही" असं म्हणायची लाज नसलेला माणूस निवडा. माझ्यासारखा नको.

जुने फोटो महिनाभर आधी गोळा करा. फ्रेममधून काढा, ६०० डीपीआयला स्कॅन करा, आणि फ्रेम पुन्हा नीट लावून द्या. समूहफोटो एकाच पानावर, हवा तर आडवा लावा. घडीवर माणूस ठेवू नका.

छापखान्याला मजकूर पीडीएफ करून द्या, फॉन्ट आतच बसवलेले. छपाईसाठी पीडीएफ/एक्स-१ए नावाचा नमुना आयएसओने २००१ सालीच ठरवून ठेवला आहे. त्यात फॉन्ट आत असावेच लागतात आणि आरजीबी रंग चालत नाही, म्हणजे माझ्या निम्म्या चुका आपोआप अडल्या असत्या. काही छापखाने अक्षरांचं रेषांत रूपांतर करून मागतात. ते द्या, पण एक ध्यानात ठेवा: रेषा झालेली अक्षरं मग शोधता येत नाहीत, सुधारता येत नाहीत. म्हणून युनिकोडमधली मूळ फाईल वेगळी जपा. मंडळाकडे एक, गावच्या वाचनालयात एक. छापील प्रत पणजीच्या मध्यवर्ती ग्रंथालयातही पोचवा. १८३२ पासून ते ग्रंथालय आपल्यासाठी उभं आहे.

शेवटची गोष्ट आमच्या कचेरीतली. प्रूफ कागदावर काढा, दुमडा, टोचा आणि ज्यांची माणसं त्यात आहेत त्यांच्या घरी नेऊन दाखवा. प्रत्येक पानावर सही घ्या. सही करताना माणूस वाचतो. वीस वर्षांच्या नोकरीत शिकलेली ही एवढीच खात्रीची गोष्ट. काकींकडे ते प्रूफ गेलं असतं तर त्यांनी पहिल्यांदा तेच पान उघडलं असतं.

पुढच्या वर्षी, २०१९ च्या जत्रेआधी, मी त्या घरी जाऊन फ्रेम उघडली. फोटो मागच्या पुठ्ठ्याला चिकटला होता, तो सोडवायला तासभर लागला. स्कॅन केला, एका आडव्या पानावर लावला, खाली सगळ्यांची नावं चौदा पॉइंटमध्ये, पांढऱ्यावर काळी. छापखाना तोच. फाईल उघडून त्या पोराने मान हलवली, एवढंच. पाचशे सुटी पानं माझ्या खर्चाने छापून जत्रेत वाटली, स्मरणिकेत ठेवा म्हणून. किती जणांनी ठेवली देव जाणे. काकींनी स्मरणिकेत ठेवलं नाही. फ्रेम करून देवघराच्या शेजारी लावलं.

असो. तुमच्याही गावात कुठलं ना कुठलं वर्ष भरत आलं असेल, शाळेचं, देवळाचं, मंडळाचं. समितीची पहिली बैठक झाली की एवढं विचारा: फाईल कोण बघणार? "बघू मरे, होतलें" असं उत्तर आलं तर तुम्हीच हात वर करा.